एक एप्रिलची तारीख अजून कार्डावर आहे

वाचकाचं पत्र

डॉक्टर मॅडम, आम्ही वरळी कोळीवाड्यात राहतो. माझा मुलगा २०२० च्या संक्रांतीला झाला. जन्माच्या वेळच्या आणि दीड महिन्याच्या लशी वेळेवर झाल्या, मग लॉकडाऊन लागला आणि सगळं राहिलं. २०२१ मध्ये धीर करून त्याला लसीकरण केंद्रात घेऊन गेले, तर तिथल्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "इतके दिवस झोपला होतात का?" मी तशीच परत आले. २०२२ मध्ये गोवराच्या बातम्या ऐकून घाबरले आणि दुसरीकडे जाऊन गोवराचं एक इंजेक्शन देऊन आणलं, तेवढंच. आता शाळेने कार्डाची झेरॉक्स मागितली आहे.

धाकटी तीन महिन्यांची आहे. दीड महिन्याच्या लशीनंतर तिला रात्रभर ताप होता, मांडी सुजली होती. तेव्हापासून मिस्टर म्हणतात, "मोठ्याला लशीवाचून काही झालं का? मग हिला कशाला टोचायचं?" त्यांचे मोठे भाऊ कोविडची लस घेतल्यावर काही महिन्यांनी झोपेतच गेले. त्यामुळे मला पुढे बोलताच येत नाही. सासूबाई म्हणतात, थोडं थांबा. मी काय करू? मुलाचं सगळं पहिल्यापासून करावं लागेल का?

– एक आई, वरळी

उत्तर

तू माझ्या लेकीच्या वयाची असणार, म्हणून अगं-तुगं करते. राग मानू नकोस.

पत्रासोबत तू कार्डाचा फोटो पाठवलास, तो मी मोठा करून बघितला. तेलाचा डाग पडलेल्या कोपऱ्यात सिस्टरनी पेनने '२५ मार्च' लिहिलं आहे. मग त्यावर आडवी रेघ मारून खाली '१ एप्रिल २०२०'. २५ मार्चला गुढीपाडवा होता, म्हणून सुट्टी धरून पुढचा बुधवार दिला असणार. पाडव्याच्या दिवसापासूनच सगळा देश बंद होणार आहे आणि महिना संपायच्या आत तुमचा कोळीवाडा सील होणार आहे, हे त्या सिस्टरना तरी कुठे ठाऊक होतं? एक एप्रिलला तू तुझ्या दारातून बाहेर पडू शकत नव्हतीस. ती तारीख तू चुकवलेली नाहीस. हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाही, घडलं तेच सांगते आहे.

माझंही सांगते. मी दादरला लहान मुलांचा दवाखाना चालवते. २४ मार्चला संध्याकाळी मी शटर ओढलं. त्या आठवड्यात ज्यांच्या बाळांच्या तारखा होत्या, त्या आयांचे फोन येत होते आणि प्रत्येकीला मी एकच सांगत होते, "थोडं थांबू या, पंधरा दिवसांत उघडेल." पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. दवाखाना उघडला तेव्हा पहिलं बाळ आलं ते दुपट्यात गच्च गुंडाळलेलं. आई आत यायला घाबरत होती. दाराच्या कडीला तिने हात लावला नाही. शेवटी जिन्याच्या वळणावर, खिडकीच्या उजेडात, मी त्या बाळाला लस दिली. त्यानंतर जुनी वही काढून एकेकीला फोन लावत बसले. काही नंबर लागलेच नाहीत. काही जणी कोकणात गावी गेल्या होत्या, त्यांतल्या काही परत आल्याच नाहीत. 'थोडं थांबू या' हे तुझ्या सासूबाई आज म्हणतात, ते तेव्हा मी म्हणत होते. म्हणून मला त्यांचा राग येत नाही. पण त्या शब्दांनी काय होतं, ते मी बघितलं आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर. नाही, पहिल्यापासून काहीही करायचं नाही. जिथे थांबलं तिथून पुढे जायचं. मधे चार वर्षं गेली म्हणून आधी दिलेला डोस वाया जात नाही, शरीराला तो आठवत असतो. दोन डोसांमध्ये कमीत कमी किती दिवस हवेत याचा नियम आहे, बहुतेक लशींना चार आठवडे. जास्तीत जास्तचा तसा नियम नाही. वयाची अट मात्र काही लशींना आहे, आणि तिथे तुला जरा घाई करावी लागेल.

गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सरकारी केंद्रात मूल पाच वर्षांचं होईपर्यंत मिळतो. तुझ्या लेकाला येत्या, २०२५ च्या संक्रांतीला पाच पूर्ण होतील. म्हणजे दिवाळी उरकली आहे आणि तुझ्या हातात जेमतेम दोन महिने आहेत. पोलिओचे थेंबही पाच वर्षांपर्यंतच. समजा संक्रांत उलटलीच, तर खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे गोवर, गालगुंड, रुबेला अशी तिन्हींची एकत्र लस नंतरही घेता येते. पण फुकट मिळते आहे तोवर विकत का घ्यायची? घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची लस सात वर्षांपर्यंत देतात, त्यामुळे तिथे वेळ आहे. त्यातली नेमकी कोणती, आता द्यायची की महिन्याने, हे कार्ड बघून सिस्टर किंवा डॉक्टर ठरवतील. जुलाबाविरुद्धचे रोटाव्हायरसचे थेंब मात्र अगदी तान्हेपणीचे असतात, त्यांची वेळ गेली. न्यूमोनियाविरुद्धची न्यूमोकोकल लस तर मुंबईत सरकारी केंद्रांवर आली तीच २०२१ मध्ये. त्या दोन्हींचं मनाला लावून घेऊ नकोस.

एकाच दिवशी दोन-तीन इंजेक्शनं दिली तर घाबरू नकोस. एक डाव्या मांडीत, एक उजव्या मांडीत, मोठ्याला दंडातही देतात. नाक वाहतंय, थोडा खोकला आहे, हे लस टाळायचं कारण नाही. या एवढ्याशा कारणावरून परत गेलेली मुलं मी खूप बघितली आहेत.

आता तुझ्या मिस्टरांच्या प्रश्नाकडे येते. 'मोठ्याला काही झालं का?' हा प्रश्न खरा आहे, नुसता हट्टाचा नाही, आणि त्याला उत्तर द्यायला हवं.

काही झालं नाही, कारण पहिली दोन वर्षं तो घरात होता. शाळा बंद, बाग बंद, लोकल बंद, तोंडाला मास्क. कोविडला अडवायला आपण जे केलं, त्याने गोवर, गालगुंड, डांग्या खोकला हेही अडले. एका मुलाकडून दुसऱ्याकडे जायला त्यांना वाटच नव्हती. त्यामुळे लशी चुकल्या तरी मुलं धडधाकट दिसत होती, आणि हजारो घरांत हेच बोललं गेलं, की बघा, काही बिघडलं नाही. तू कोळीवाड्यातली आहेस. ओहोटीला पोरं पार लांबवर वाळूत खेळतात, म्हणून समुद्र गेला असं तुमच्यात कोणी म्हणेल का?

२०२० मध्ये जगभरात २.३ कोटी मुलांच्या नेहमीच्या लशी अपुऱ्या राहिल्या, २०१९ पेक्षा ३७ लाखांनी जास्त. हा जागतिक आरोग्य संघटनेचा आणि युनिसेफचा अंदाज. आपल्या देशात घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताचा तिसरा डोस पूर्ण झालेली बाळं २०१९ मध्ये शंभरात ९१ होती, २०२० मध्ये ८५ झाली. या लशीचा एकही डोस न मिळालेली बाळं एका वर्षात १४ लाखांवरून ३० लाखांवर गेली. हे सगळे आईबाप एकाएकी लशीच्या विरोधात गेले होते का? अजिबात नाही. गाडी नव्हती. हातात पैसा नव्हता. दवाखान्यात गेलं तर कोविड घेऊन घरी येऊ ही भीती होती. आणि ज्या आरोग्य सेविका गल्लीत येऊन बाळांच्या तारखांची आठवण करून द्यायच्या, त्याच दारोदार ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरत होत्या. मोडली ती सवय. ती मोडली की मग प्रत्येक घरात न जाण्याचं आपापलं कारण तयार होतं, आणि चार वर्षांनी ते कारणच खरं वाटायला लागतं.

मग भरती आली. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२ मध्ये गोवंडीत गोवराने मुलं दगावायला लागली. पाठोपाठ इतर वॉर्डांतही रुग्ण निघाले, कस्तुरबा रुग्णालयात मुलं भरती होऊ लागली, दिल्लीहून केंद्राचं पथक आलं. साथ असलेल्या भागांत ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायचं ठरलं. लहान तान्ह्यांनाही गोवर होत होता अशा ठिकाणी तर सहा महिन्यांच्या बाळांनाही डोस देण्याच्या सूचना निघाल्या, एरवी नऊ महिन्यांच्या आत हा डोस देत नाहीत. तेव्हा तू घाबरून धावलीस आणि एक डोस देऊन आणलास. ती भीती तुझ्या मुलाच्या कामी आली.

गोवर म्हणजे अंगावर पुरळ आणि चार दिवस ताप, निंबाचा पाला उशाशी ठेवला की उतरतो, असं आपल्याकडे अजून मानतात. गोवराचा एक रुग्ण संरक्षण नसलेल्या १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. तो खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत राहू शकतो. कोळीवाड्यातल्या, चाळीतल्या खोल्यांचा विचार कर. त्यातून न्यूमोनिया होतो, क्वचित मेंदूला सूज येते. आणि फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे, इतर आजारांशी लढून शरीराने जी ओळख जमवलेली असते, ती गोवर पुसून टाकतो. मूल गोवरातून उठतं आणि पुढे कितीतरी महिने दुसऱ्याच आजारांनी पडत राहतं.

एक डोस झाला आहे, मग दुसरा कशाला, असंही घरात कोणी विचारेल. नवव्या महिन्यात दिलेला पहिला डोस शंभरातल्या साधारण ८५ मुलांना लागू पडतो. उरलेली पंधरा कोणती, ते वरून बघून कळत नाही. तुझ्या मुलाने पहिला डोस उशिरा, जवळजवळ तिसऱ्या वर्षी घेतला, त्या वयात तो आणखी चांगला लागू पडतो. तरी दुसरा हवाच. वस्तीतल्या शंभरातल्या ९५ मुलांचे दोन्ही डोस पूर्ण झाले तरच गोवराला शिरायला जागा राहत नाही. आजवर तुझा मुलगा सुखरूप राहिला, त्यात शेजारच्या आयांनी रांगेत उभं राहून घेतलेल्या डोसांचाही वाटा आहे.

धाकटीचं तर मी हात जोडून सांगते, थांबू नका. तिचा दहाव्या आठवड्याचा डोस चुकला आहे आणि चौदाव्याची वेळ आली आहे. डांग्या खोकला मोठ्या माणसाला महिनाभर सतावून सोडतो. सहा महिन्यांच्या आतलं बाळ कधीकधी खोकतसुद्धा नाही, त्याचा श्वासच थांबू शकतो. आणि तो तिच्याकडे कोण आणेल? शाळेत जाणारा दादा, ज्याचा स्वतःचा एकच डोस झाला आहे. शाळेतून आला की हात न धुता तो तिचे गाल ओढत असेल, हे तू न लिहिताही मला दिसतं. मिस्टरांना हे सांग, पण दादाला दोष लागेल अशा बोलीने नको.

तिला ताप का आला? त्या पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांविरुद्धच्या एकत्र लशीत डांग्या खोकल्याचा जो भाग आहे, त्याने ताप येतो, मांडी सुजते, दुखते. बहुतेक वेळा दोन दिवसांत उतरतं. या वेळी लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बस. निघण्याआधी पॅरासिटामॉलचे थेंब किती द्यायचे ते बाळाच्या वजनावरून लिहून घे, अंदाजाने देऊ नकोस. सुजेवर गार पाण्याची घडी ठेव. चोळायचं नाही, बाम नाही, हळद नाही. अंगावरचं दूध चालू ठेव. तीन तासांहून जास्त सलग रडली, ताप खूप चढला, झटका आला किंवा मलूल पडली, तर रात्र असली तरी रुग्णालयात ने आणि पुढच्या डोसाच्या आधी हे डॉक्टरांना सांग. पहिल्या वेळी आला तसा नुसता एका रात्रीचा ताप मात्र पुढचा डोस थांबवायचं कारण नाही.

आता दिरांचं. हे लिहिताना माझा हात थांबला. झोपेत गेलेल्या भावाच्या जागी प्रत्येक माणूस कारण शोधतो, आणि ज्याच्या हाती कारण लागतं तो ते सोडत नाही. तेव्हाचे दिवसही तसेच होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकलचा पास दोन डोस झालेल्यांनाच मिळू लागला. नोकरी टिकवायला लस घ्यावी लागली, ही भावना कितीतरी घरांत राहून गेली. त्याच वर्षी कांदिवलीच्या एका सोसायटीत बनावट लशीचं शिबिर झाल्याचं उघडकीला आलं. २०२४ च्या एप्रिल-मेमध्ये कोविशील्डच्या मूळ कंपनीने लंडनच्या न्यायालयात दिलेल्या कागदांची बातमी आली, की क्वचित कुणाला रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. हा धोका २०२१ पासूनच माहीत होता आणि तो लस घेतल्यानंतरच्या काही आठवड्यांतला असतो. पण मोबाईलवर आलं ते काय, तर 'बघा, आता कबूल केलं'. अशा हवेत माणसाचा विश्वास उडाला तर त्याला अडाणी म्हणायचं नसतं.

म्हणून दिरांच्या मृत्यूवर तू वाद घालू नकोस. त्यांचं नेमकं काय झालं हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण एक गोष्ट तुझ्या मिस्टरांच्या स्वतःच्या कामाची आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या माणसांच्या अशा अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कोविडच्या लशीने असा मृत्यू वाढल्याचं त्यात आढळलं नाही. धोका वाढवणाऱ्या ज्या गोष्टी दिसल्या, त्यांत कोविडसाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, बेसुमार दारू, आणि घरात कुणाचा असाच अचानक मृत्यू झालेला असणं या होत्या. ही शेवटची गोष्ट तुमच्या घरात घडली आहे. तेव्हा मिस्टरांना म्हण, "भावोजींचं झालं म्हणून मला तुमची काळजी वाटते. तुम्ही रक्तदाब, साखर आणि ईसीजी करून घ्या." हे आधी म्हण. लेकीच्या लशीचं मग, दुसऱ्या दिवशी. मुलांच्या या लशी कोविडच्या वर्षभरात तयार झालेल्या नाहीत. गोवराची लस देशाच्या लसीकरण कार्यक्रमात १९८५ पासून आहे, घटसर्प-धनुर्वाताची त्याहून आधीपासून. मिस्टरांच्या स्वतःच्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगाच्या लशीचा ठसा असेल.

आणि सासूबाईंना बाजूला ठेवू नकोस. त्या साठीच्या पुढच्या असतील तर त्यांच्या दंडावर देवी काढल्याचा, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचल्याचा मोठा गोल वण असणार. एखाद्या दुपारी मासळी निवडताना विचार त्यांना, देवी कधी काढल्या, कुणी काढल्या, वाडीत देवीने कोण गेलं होतं. त्या सांगतील. त्या पिढीच्या घराघरांत एखादं नाव असतं. आपल्या देशात देवीची लस सगळ्यात आधी मिळाली ती याच मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. आणि १९७५ नंतर इथे देवीचा रोगी राहिला नाही. सासूबाईंनी हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं तर तुझ्या मिस्टरांवर जो परिणाम होईल, तो माझ्या या लांबलचक उत्तराने होणार नाही.

राहिली ती सगळ्यांसमोर बोललेली बाई. त्या केंद्राचं नाव तू लिहिलं आहेस, मी ते छापत नाही. त्यांनी असं बोलायला नको होतं. त्या एका वाक्यामुळे एक मूल आणखी तीन वर्षं बाकीच्या लशींवाचून राहिलं. तिथे परत जायचं मन होत नसेल तर जाऊ नकोस. लशी महापालिकेच्या कुठल्याही आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, मोठ्या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागातही मिळतात. वरळीहून केईएम जवळ आहे, नायर जवळ आहे. आदल्या दिवशी लसीकरणाची वेळ विचारून ठेव, म्हणजे तान्हीला घेऊन खेटे पडायचे नाहीत.

दोघांनाही एकाच दिवशी ने. दोघांची कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत घे. मोठ्याच्या गोवराच्या डोसाची २०२२ ची चिठ्ठी वेगळी असेल तर तीही शोध, नसेल तर जिथे दिला तिथून लिहून आण. शाळेची झेरॉक्स नंतर काढ, नव्या नोंदी झाल्यावर. खिडकीपाशी पोहोचलीस की आधी माफी मागू नकोस, 'काय झालं ना सिस्टर' असं लांबण लावू नकोस. कार्ड उघडून त्या खोडलेल्या तारखेवर बोट ठेव आणि एवढंच म्हण, "एक एप्रिल २०२० पासून राहिलंय. आज जेवढं देता येईल तेवढं द्या, आणि पुढची तारीख लिहून द्या."